दिव्याची तार आणि चुलीचे काम

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण घरातल्या विजेच्या तारांना वाचा फुटली तर त्या म्हणतील, हा आमच्या परीक्षेचा सण. पहाटे अभ्यंगस्नानासाठी गीझर तापत असतो, अनारशाच्या तांदळावर मिक्सर घरघरत असतो, गॅलरीत माळा लुकलुकत असतात आणि फ्रिजला क्षणाची उसंत नसते. अलीकडे या गर्दीत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून, क्वचित लंडन-न्यूजर्सीहून दिवाळीला घरी येणारी मुले एस्प्रेसो कॉफीचे यंत्र बरोबर आणतात. साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या घरांतून आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या सदनिकांतून ते ओट्यावर विराजमान होते आणि मग घरातले वडीलधारे माणूस हमखास विचारते, “हे लावायचे कुठे?”

प्रश्न साधा आहे. उत्तरही बहुधा साधेच मिळते: “मिक्सरच्या शेजारी जागा आहे की!” पण भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पट्टीमागून जी तार गेली आहे, ती कोणत्या साली, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या हिशेबाने घातली गेली, हे ठाऊक असल्यावाचून त्या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत नाही. घरातली वीज हीसुद्धा वडिलोपार्जित इस्टेटीसारखी असते. तिच्यात कोणाचा वाटा किती, हे एकदा पाहून घेतलेले बरे.

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. आपल्याकडे ‘एक्स्प्रेसो’ हा शब्द प्रथम लग्नाच्या मांडवातून घरोघर पोचला. आचाऱ्याच्या शेजारी उभे असलेले ते चकचकीत यंत्र, वाफेची शिट्टी, दुधावर चढणारा फेस आणि वरून भुरभुरलेली कोकोची पूड, हे दृश्य पुष्कळांच्या स्मरणात असेल. पण तिथे वाफ दुधासाठी असे. कॉफी बहुधा डब्यातली, विरघळणारी. खऱ्या एस्प्रेसोचा प्रकार निराळा. बारीक दळलेली कॉफी मूठ असलेल्या चाळणीत घट्ट दाबायची आणि तिच्यातून, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट दाबाने, उकळीच्या किंचित खालचे पाणी अर्ध्या मिनिटात पार करायचे. हाती येतो तो दोन-तीन घोटांचा दाट अर्क. आपल्या जायफळ घातलेल्या, पातेल्यात रटरटलेल्या कॉफीची ही दूरची बहीण. गोत्र एक, स्वभाव अगदी वेगळा.

हिचे माहेर इटली. १८८४ साली तुरीनच्या अँजेलो मोरिओंदो याने वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा याने एकेका पेल्यापुरती कॉफी काढण्याची युक्ती साधली आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनात ते यंत्र लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजिया याने हाताच्या दांड्याने दाब देणारी रचना प्रचारात आणली. १९६१ साली फाएमा कंपनीने ई-६१ नावाचे यंत्र काढले आणि दाब देण्याचे काम माणसाच्या दंडाकडून काढून विजेच्या पंपाकडे दिले. आज ओट्यावर येणारे छोटे यंत्र हे त्याच वंशातले. पाणी तापवायलाही वीज आणि दाबायलाही वीज.

१९६१ हे साल ध्यानात ठेवावे. मिलानमध्ये कॉफीचे यंत्र पुरते विजेवर येत होते, त्याच सुमारास सह्याद्रीच्या पोटात बोगदे खोदून आपल्या घरची वीज तयार होण्याच्या बेतात होती. पण तिच्या आधीचे थोडे सांगायला हवे.

साताऱ्याच्या आणि सांगलीच्या घरांत विजेच्या आधी काय होते? पणती, समई, चिमणी आणि कंदील. कंदिलाच्या बाबतीत तर या मुलखाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला पहिल्या महायुद्धाच्या काळात ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाऊन पोचला. त्याच्याही आधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर आपला कारखाना वसवला. नांगर आणि चरक करणाऱ्या त्या वसाहतीतूनच पुढे मासिकेही निघाली आणि नवी राहणी, नवी साधने यांची वार्ता ती घरातल्या बायकांपर्यंत घेऊन गेली. यंत्राचे वावडे या मुलखाला कधीच नव्हते.

तरीही वीज जेव्हा घरात आली, तेव्हा ती कंदिलाची वारस म्हणून आली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. लोक विजेला ‘वीज’ म्हणण्याऐवजी सरळ ‘लाइट’ म्हणत आणि अजूनही म्हणतात. “लाइट गेली” म्हणजे दिवा गेला, पंखा गेला, सगळेच गेले. हा शब्द फसवा नाही, इतिहासाला धरून आहे. वीज आली ती दिव्यासाठी. सोप्यात एक दिवा, माजघरात एक, स्वयंपाकघरात धुराने काळवंडलेला एक, आणि ऐपत असेल तर पंखा. चूल चुलीच्या जागी, शेगडी शेगडीच्या जागी. पुढे स्टोव्ह आला, गॅस आला. विजेचा आणि विस्तवाचा संबंध घरच्या माणसांच्या मनात नव्हता आणि वायरमनच्या हिशेबातही नव्हता. इस्त्री घेतलीच तर ती दिव्याच्या होल्डरमधून जोड काढून लावायची. अनेक शहरांत तर दिव्याचा दर वेगळा आणि ‘पॉवर’चा दर वेगळा असे आणि त्यासाठी घरात दोन-दोन मीटर असत. दिव्याची वीज आणि कामाची वीज अशा जणू दोन जातीच होत्या.

या दिव्याच्या विजेला खरे बळ आले ते कोयनेमुळे. सांगली जिल्हा म्हणजे मूळचा दक्षिण सातारा. १९४९ साली तो वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा कोयनेची कथा ही दोन्ही जिल्ह्यांची समाईक कथा. महाबळेश्वरला उगम पावून सह्याद्रीच्या कडेने दक्षिणेकडे वाहणारी, हेळवाकजवळ पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिठी मारणारी ही नदी. तिच्यावर वीज काढण्याचा विचार टाटांनीही केला होता. खोपोलीचे त्यांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालीच सुरू झाले होते. पण कोयनेचा बेत तेव्हा मागे पडला आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने तो हाती घेतला. १९५४ च्या सुमारास काम सुरू झाले. धरण १०३ मीटर उंचीचे. घाटाच्या पूर्वेला अडवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन, डोंगराच्या पोटात बांधलेल्या पोफळीच्या वीजघरात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचे, अशी ही योजना. १९६२ साली तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. कृष्णाकाठचे यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते आणि नव्या राज्याचे वीज मंडळ अवघे दोन वर्षांचे होते.

त्या विजेची किंमतही सांगितली पाहिजे. शिवसागर जलाशयाखाली आणि त्याच्या भोवताली शंभराच्या आसपास गावांची घरे, शेते, देवळे गेली. त्या माणसांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक दशके भिजत पडले. ज्यांच्या अंगणातून वीज निघाली, त्यांतल्या पुष्कळांच्या घरी ती उशिरा पोचली. ती आधी मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंपाचा तडाखा बसला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, घरे जमीनदोस्त झाली, मुंबईचा वीजपुरवठाही खंडित झाला. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. नंतर ते आणखी भक्कम करण्यात आले. एका बटणामागे किती गोष्टी उभ्या असतात, हे त्या पहाटेने सगळ्यांना शिकवले.

आणि कोयनेचे पाणी तरी अमर्याद कुठे आहे? वीज काढून झालेले पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. ते कृष्णेला परत येत नाही. म्हणून पश्चिमेकडे किती पाणी वळवायचे याला कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातली, दरसाल ६७.५ अब्ज घनफूट. तेच पाणी पूर्वेला सोडले तर ते सांगलीच्या शेताला मिळते आणि ताकारी-टेंभूसारख्या उपसा योजनांना ते उचलण्यासाठी पुन्हा वीजच लागते. म्हणजे कोयना हीच मुळात एक समाईक तार आहे. एकाने जास्त ओढले की दुसऱ्याला कमी. नदीच्या बाबतीत हे आपल्याला पटते, वर्तमानपत्रांतून रोज दिसते. स्वयंपाकघराच्या भिंतीत हाच व्यवहार चालू असतो, तो मात्र दिसत नाही.

आता त्या भिंतीकडे वळू. ज्यांची घरे १९५० ते १९८० या काळातली आहेत, त्यांनी सागवानी पट्ट्यांवर चिमट्यांनी बसवलेल्या तारा पाहिल्या असतील, काळी गोल बटणे पाहिली असतील, आणि मीटरच्या फळीवर चिनी मातीचे पांढरे फ्यूज पाहिले असतील. त्या फ्यूजला वायरमन ‘किटकॅट’ म्हणत. तारेला ते आकड्यांनी ओळखत: ‘तीन-बावीस’ म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांचा पीळ, तो दिव्या-पंख्यांसाठी, ‘सात-वीस’ म्हणजे वीस गेजच्या सात तारा, त्या ‘पॉवर’साठी. साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याची टंचाई होती, म्हणून पुष्कळ घरांतून ॲल्युमिनिअमच्या तारा घातल्या गेल्या. ॲल्युमिनिअम स्वस्त खरे. पण त्याच मापाच्या तांब्यापेक्षा ते कमी वीज वाहते आणि स्क्रूखाली दाबलेले टोक कालांतराने सैल पडते.

या सगळ्याला एक लिखित शिस्तही होती. घरातल्या वायरिंगची जी भारतीय मानक संहिता आहे, तिने दिवे, पंखे आणि ५ अँपिअरचे सॉकेट यांना एका सर्किटवर बसवायला परवानगी दिली; पण अट घातली की अशा सर्किटवर दहापेक्षा अधिक जागा नकोत आणि सगळ्यांचा मिळून भार ८०० वॅटच्या वर नको. ‘पॉवर’च्या सर्किटवर मात्र दोनच सॉकेट. म्हणजे नियम करणाऱ्यांनी दिव्याची तार आणि चुलीची तार यांत भेद केला होता. दिव्याच्या तारेवर शेजारीपाजारी पुष्कळ, पण प्रत्येकाची भूक लहान; कामाच्या तारेवर भूक मोठी, म्हणून पाहुणे दोनच.

मग घर बदलत गेले. १९६०–७० नंतर मिक्सर आला. मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांचा ‘सुमीत’ आपल्या वाटण-दळणासाठीच घडवलेला आणि तो पाट्या-वरवंट्याची जागा घेऊन बसला. फ्रिज आला, मग पाण्याचा फिल्टर, चिमणी, मायक्रोवेव्ह. प्रत्येक वेळी भिंत तीच राहिली. फक्त बोर्डावर एक सॉकेट वाढला. सॉकेट वाढला म्हणजे वीज वाढली, असा आपला भाबडा समज. खरे म्हणजे पंगतीत पाट वाढले, पातेल्यातला भात तेवढाच राहिला.

याच प्रश्नाला इंग्लंडने कसे तोंड दिले, हे पाहण्यासारखे आहे. महायुद्ध चालू असतानाच तिथे युद्धोत्तर घरांच्या वायरिंगचा विचार करण्यासाठी वीस जणांची समिती नेमली गेली. तिच्यात एकच स्त्री होती, कॅरोलिन हॅस्लेट. घरातली वीज प्रत्यक्ष कोण वापरते, कुठे उभे राहून वापरते, आणि रांगते मूल बोट कुठे घालते, याचा विचार झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्या कामातून सॉकेटची भोके आतून झाकणारा पडदा आला, आणि १९४७ साली चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा नवा प्लग आला. या प्लगच्या पोटातच छोटा फ्यूज असतो. म्हणजे तिथे प्रत्येक उपकरण आपला पहारेकरी बरोबर घेऊन हिंडते. आपण मात्र त्याआधीचा गोल पिनांचा प्लग ठेवला. त्याच्या पोटात काही नसते. आपला पहारा एकाच ठिकाणी, मीटरजवळच्या फळीवर. आणि तो पहारेकरी यंत्राला ओळखत नाही, फक्त तारेला ओळखतो. हा भेद नीट समजला तर अर्धे काम झाले.

आता हिशेब मांडू. हा चौथीच्या गुणाकाराचाच आहे. आपल्याकडे घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. यंत्राच्या पाठीवर जे वॅट लिहिलेले असतात, त्यांना २३० ने भागले की अँपिअर मिळतात. घरगुती एस्प्रेसो यंत्रे साधारण १००० ते १५०० वॅटची असतात. १३५० वॅटचे यंत्र घेतले तर ५.९ अँपिअर. ७५० वॅटचा मिक्सर ३.३ अँपिअर. फ्रिज चालू असताना अर्धा-पाऊण अँपिअर, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. जुन्या ५ अँपिअरच्या सर्किटवर एकटे कॉफीचे यंत्रच मर्यादेबाहेर जाते. ८०० वॅटच्या अटीत तर ते मुळात बसतच नाही.

“पण आमच्याकडे एमसीबी आहे, जास्त झाले तर ती पडेलच की!” असे कोणी म्हणेल. पडेल, पण केव्हा, हे पाहिले पाहिजे. ६ अँपिअरच्या एमसीबीचे मानक असे आहे की मापाच्या १.१३ पट प्रवाहावर ती तासभरात पडू नये, आणि १.४५ पटीवर तासाभरात पडलीच पाहिजे. कॉफीचे यंत्र आणि फ्रिज मिळून ६.६ अँपिअर झाले, म्हणजे १.१ पट. एमसीबी हूं की चूं करणार नाही, आणि पन्नास वर्षांची तार मात्र भिंतीत ऊबदार होत राहील. त्यात मिक्सर सुरू केला की साडेनऊ-दहा अँपिअर होतात. मग काही वेळाने ती पडेल, आणि घरातले लोक एमसीबीलाच नावे ठेवतील.

या पडण्यात एक गूढ वाटते, तेही सोडवून टाकू. तेच यंत्र, तोच मिक्सर. सोमवारी सारे सुरळीत आणि मंगळवारी अंधार. याचे कारण यंत्रातला थर्मोस्टॅट. यंत्र सुरू केले की ते काही मिनिटे पुरा प्रवाह ओढून तापते. मग थर्मोस्टॅट वीज तोडतो, पाणी निवले की पुन्हा जोडतो. त्याची ही उघडझाप मिक्सरच्या घरघरीशी जुळली की भार एकावर एक चढतो. नाही जुळली तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून “इतके दिवस काही झाले नाही” हा पुरावा नव्हे. तो नुसता योगायोग.

आणखी एक गोष्ट. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. जिथे जोड सैल आहे, तिथे ही उष्णता सगळी एका टोकाशी गोळा होते. प्रवाह मर्यादेत असतानाही सैल जोड जळू शकतो, आणि तो कोणत्याही फ्यूजला किंवा एमसीबीला दिसत नाही. तो दिसतो आपल्याला: प्लग हाताला गरम लागतो, सॉकेटभोवती तपकिरी डाग पडतो, बेकेलाइटचा माशासारखा वास येतो, बटण दाबताना चरचर होते, यंत्र सुरू होताच दिवा मंदावतो. यांतले एकही लक्षण दिसले की कॉफी थांबवावी आणि वायरमनला बोलवावे.

जुन्या काळी या बाबतीत एक घातक वहिवाट पडली होती. किटकॅटचा फ्यूज वारंवार उडू लागला की कोणीतरी शहाणा त्यात तांब्याच्या तारेचे जाड वेटोळे घालून देई. मग फ्यूज उडत नसे, सारे खूश. आज तीच वहिवाट नव्या रूपात आली आहे: “सहाची सारखी पडते, सोळाची एमसीबी घालून टाका.” तार तीच, पहारेकरी मात्र झोपाळू नेमला. एमसीबीचा आकडा यंत्राच्या भुकेवरून ठरत नसतो, तो तारेच्या ताकदीवरून ठरतो. आधी तार बदलायची, मग आकडा. हा क्रम उलटा करणे म्हणजे राखणदाराचे डोळे बांधून वाड्याची दारे उघडी टाकणे.

तर मग हे यंत्र लावायचे कुठे? उत्तर असे. त्याला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट द्यावा. त्या सॉकेटपर्यंत मीटरच्या बोर्डापासून तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची, आणि यंत्र मोठे असेल तर ४ चौरस मिलिमीटरची तार स्वतंत्र आणावी. तिला तिची स्वतःची एमसीबी असावी. हे काम परवानाधारक वायरमनकडून एका दिवसात होते. ते होईपर्यंत पाळी लावावी: यंत्र तापत असताना त्याच तारेवर मिक्सर, केटल, मायक्रोवेव्ह, इस्त्री काही नको. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा तो ‘कन्व्हर्टर’ तर मुळीच नको. मोठ्या पिना मोठ्या केल्या आहेत त्या छोट्या भोकात जाऊ नयेत म्हणूनच.

तिसऱ्या, जाड पिनेला शोभेची समजू नये. ती अर्थिंगची. यंत्राच्या पोटात पाणी, उष्णता आणि वीज एकाच पत्र्याच्या घरात नांदत असतात. आत कुठे गळती झाली तर यंत्राची चकचकीत काया विजेने भारली जाते, आणि ओल्या हाताचा माणूस तिला शिवतो. अर्थिंग जिवंत असेल तर वीज त्या वाटेने निघून जाते. जुन्या वाड्यांतून अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येऊन नुसतीच लोंबकळत असते. ती तपासून घ्यावी. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. एमसीबी तारेला राखते, आरसीसीबी माणसाला राखते. तिच्यावर चाचणीचे एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पाणी भरताना, पुसताना, बोअरच्या जड पाण्याचा साका काढताना प्लग आधी काढावा. नळाच्या आणि मोरीच्या अगदी शेजारी यंत्र ठेवू नये.

परदेशातून यंत्र आणणाऱ्यांना एक सूचना. लंडनचे यंत्र आपल्या दाबावर चालते. फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेचे यंत्र १२० व्होल्टचे असते. ते तसेच आपल्या सॉकेटला लावले, तर त्याच्या तापकाला जवळजवळ पावणेचौपट वीज बसते. ती कॉफी नव्हे, होळी. मायेने आणलेली वस्तू असली तरी तिच्या पाठीवरची पट्टी आधी वाचावी.

आणखी एक कागद पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे महिन्याचे वीजबिल. त्यावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. पुष्कळ जुन्या जोडण्यांचा तो एखाद्या किलोवॅटचाच असतो, कारण आजोबांनी अर्ज केला तेव्हा घरात चार दिवे आणि दोन पंखे होते. आपण त्याच अर्जावर गीझर, एसी आणि कॉफीचे यंत्र चालवतो. भार वाढवून घेण्याचा अर्ज हा खर्चाचा प्रश्न वाटतो. पण घराची खरी भूक वीज कंपनीला कळल्याशिवाय गल्लीतल्या डीपीचा हिशेब तरी कसा जुळावा? २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने आपल्याला तासन् तास अंधारात बसवले, तेव्हा हा समाईक हिशेब सगळ्यांनी सोसला होता.

आज घरात येणारी वीज कोयनेचीच असते असे नाही. कोळशाची असते, उन्हाची असते, पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची असते. सगळी एका जाळ्यात मिसळलेली. तरीही एक हिशेब मनाशी धरायला हरकत नाही. पोफळीच्या उंचीवरून एक युनिट वीज काढायला सुमारे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी कोसळावे लागते. १३५० वॅटचे यंत्र दहा मिनिटे पुऱ्या भाराने तापले, तर दोनशे लिटरच्या घरात पाणी खर्ची पडले. हे कोणी कॉफी पिऊ नये म्हणून सांगत नाही. भिलवडीच्या दुधाचा फेस आणि चिकमंगळूरची कॉफी दिवाळीच्या पहाटे चिवड्याबरोबर मजेत प्यावी. एवढ्या लांबून, एवढी किंमत देऊन आलेली वीज शेवटच्या दहा हातांत, आपल्याच भिंतीत, एखाद्या सैल स्क्रूपाशी जळून जाऊ नये, इतकेच म्हणणे.

साफसफाईच्या दिवसांत आपण माळे झाडतो, डबे घासतो, जळमटे काढतो. त्याच दिवशी मेनस्विच बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्यावा, तारेचे माप विचारून एका कागदावर लिहून बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे: कोणती एमसीबी, कोणती तार, कोणते सॉकेट. पुढच्या दिवाळीला कोणी आणखी नवे यंत्र घेऊन आले आणि “हे लावायचे कुठे?” असे विचारले, तर अंदाजाने बोट दाखवण्याऐवजी तो कागद दाखवता येईल.